आज ओढली नाही

गेल्या दिवाळीत तुम्ही दोघं नांदेडला आला होतात, तेव्हा भांडी पुसता पुसता तुमच्यापैकी एकानं दुधाचं पातेलं उलटं केलं आणि बुडावर कोरलेली अक्षरं मोठ्यानं वाचली : ‘वरच्या मजल्यावरच्या बाई. दूध उतू जाऊ देतात.’ तुम्ही इतके हसलात की आजोबा आतून विचारायला आले. मी म्हटलं, ती मोठी गोष्ट आहे, सावकाश सांगेन. मग तुमच्या विमानाची वेळ झाली आणि गोष्ट राहिली.

आता सांगायला कारण घडलं आहे. दोन आठवड्यांपूर्वी तुमच्यापैकी एकाचा फोन आला. कुणाचा ते मी लिहीत नाही. ज्याचं त्याला ठाऊक आहे. सिगारेट सुटून बारा दिवस झाले होते. ती सुरू होती हेच घरी माहीत नाही, त्यामुळे सुटली हे सांगायलाही आजीशिवाय कुणी नाही. पोट मात्र दगडासारखं झालं होतं. “आजी, वाईट गोष्ट सोडली तर बरं वाटायला हवं ना? मग हे उलटंच कसं?”

हाच प्रश्न मी पूर्वी एका माणसाच्या तोंडून ऐकला होता. त्या पातेल्यावर लिहिणारा माणूस तोच.

नांदेडच्या शाळेतून मी निवृत्त झाले तेव्हा लातूरच्या एका इंग्रजी शाळेनं मला मुख्याध्यापिका म्हणून बोलावलं. आजोबा म्हणाले, चला, गोदावरी काही आपल्यावाचून आटत नाही. आम्ही तिथं सहा वर्षं राहिलो. गंजगोलाईच्या बाजारपेठेपासून दहा मिनिटांवर घर होतं. वरच्या मजल्यावर आम्ही, खाली घरमालक. घरमालकांना सगळे अप्पा म्हणत आणि त्यांच्या बायकोला अक्का. मीही तेच म्हणत असे. त्यांच्या लेखी मी ‘बाई’ होते, कारण मी शिकवत होते, आणि आजोबा ‘साहेब’, कारण ते वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत वाचत.

अप्पा उंच आणि काटकुळे. पांढरा पायजमा, पांढरा सदरा, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, आणि सदऱ्याच्या आत, छातीवर, चांदीची छोटी डबी. ते लिंगायत. लहानपणी गळ्यात बांधलेलं लिंग जन्मभर अंगावेगळं करायचं नाही, आणि रोज अंघोळ झाली की ते डाव्या तळहातावर घेऊन पूजा केल्याशिवाय अन्न नाही की पाण्याचा घोट नाही, अशी त्यांच्या घरची रीत. हे नीट लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

गंजगोलाईत त्यांचं भांड्यांचं दुकान. विकत घेतलेल्या भांड्यावर नाव घालून देण्याचं काम अप्पा स्वतः करत. हातात मावणारं विजेचं मशीन, घुर्र आवाज, आणि मोत्यासारखं अक्षर. अडचण एकच होती. अप्पा खोटं कोरत नसत.

एकदा मी चमचे घ्यायला गेले असताना एक गृहस्थ भाचीच्या लग्नासाठी मोठी परात घेत होते. अप्पांनी मशीन उचललं.

“काय घालू?”

“‘मामाकडून प्रेमपूर्वक भेट’ घाला.”

मशीन सुरू झालं नाही. “मामा, भाच्चीच्या बापाशी बोलायलाव का आता?”

“न्हाई.”

“बांधाचा तंटा मिटला?”

“त्यो कशाला मिटतोय!”

“मग प्रेमपूर्वक कसं घालू?”

“आवो अप्पा, तशी घालायची पद्धत हाय!”

“स्टीलवर घातलेलं खोडता येत न्हाई. तुमच्या माघारी पन्नास वर्सं ही परात बोलणार. तिला खोटं कामून बोलायला लावायलाव?”

दुकानात आणखी चार गिऱ्हाइकं उभी होती. ती चमचे-वाट्या खाली ठेवून ऐकू लागली. शेवटी अप्पांनीच वाट काढली. “‘आठवणीने’ घालतो. आठवण तर येती ना त्या घरची?”

“रोज येती,” मामा दात खात म्हणाले, आणि ‘मामाकडून आठवणीने’ असं कोरलेली परात घेऊन गेले. मला वाटलं, हा माणूस या दुकानात पुन्हा पाऊल ठेवणार नाही. पण दुसऱ्या वर्षी धाकट्या भाचीच्या लग्नाला ते तिथंच आले, आल्याआल्या म्हणाले, “बांध मिटला,” आणि अप्पांनी काही न विचारता ‘प्रेमपूर्वक’ घालून दिलं.

माझ्या पातेल्यावरून मीही भांडले होते. “अप्पा, दूध एकदाच उतू गेलं होतं.”

“दोनदा. दुसऱ्यांदा तुमच्या शाळेत तपासणी होती त्या दिशी. वास खाली येतो, बाई.”

माझ्या दुधाचा वास खाली जाई, तसा त्यांच्या विडीचा वर येई. रोज पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी अप्पा मागच्या पायरीवर बसून दिवसाची पहिली विडी पेटवत. मी पाचलाच स्वयंपाकघराची खिडकी लावून घेई. साडेपाचला संडासाच्या पत्र्याच्या दाराची कडी वाजे. पावणेसहाला न्हाणीघरात पाणी ओतल्याचा आवाज, सहाला पूजेची घंटी, सव्वासहाला अक्कांची भाकरी थापल्याचा आवाज. तुमची आजी कशी आहे ते तुम्हाला माहीत आहे. मला हे फार आवडे. त्या घरात घड्याळाची गरज नव्हती.

अप्पांना माझी शिस्त विनोदी वाटे. “बाईच्या घरात झुरळ बी रांगेत चालतंय,” असं ते अक्कांना सांगत. पण स्वतःच्या शिस्तीबद्दल त्यांना अभिमान होता. “आधी पोट, मग अंघोळ, मग पूजा, मग पाणी. आमच्या आजोबापासून हाय. पोट साफ झाल्याबिगर देवाला हात लावायचा न्हाई. आन् विडी म्हंजे सिग्नल. सिग्नल पडल्याबिगर गाडी फलाटाला लागत न्हाई.”

अक्का बुटक्या, गोल, निलंग्याच्या पलीकडे कर्नाटकच्या हद्दीला लागलेल्या गावच्या. बोलताना त्यांची कानडी मध्येच डोकावे. वाद पुरे झाला असं वाटलं की त्या “साकु” म्हणत, आणि मग खरोखरच पुरे होई. त्यांच्याही गळ्यात लिंग होतं. त्यांची अंघोळ-पूजा अप्पा उठायच्या आधीच आटपलेली असे. नवऱ्याची पूजा होईपर्यंत थांबायचं, त्याच्या मागून जेवायचं, हे त्यांनी कधी केलं नाही. “त्यांचा देव त्यांच्यापाशी, माझा माझ्यापाशी,” म्हणत.

आमच्या तिसऱ्या हिवाळ्यात अक्कांचा खोकला वाढला. जिना चढून माझ्याकडे यायच्या त्या बंद झाल्या. एक वाक्य पुरं करायला त्यांना दोनदा थांबावं लागे. एका संध्याकाळी अप्पा त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेले, सोबतीला मी होते. डॉक्टरांनी अक्कांची छाती तपासली, आणि स्टेथोस्कोप गळ्यात ठेवून अप्पांकडे वळले.

“तुम्ही ओढता?”

“हाव.”

“किती वर्षं?”

“लग्नाच्या आधीपासून.”

“मग लग्नापासून याही ओढतायत.”

परत येताना अप्पांनी रिक्षा घराच्या अलीकडेच थांबवली. घराच्या कोपऱ्यावर उतरून खिशातलं बंडल आणि काडेपेटी त्यांनी पानटपरीच्या फळीवर ठेवली आणि म्हणाले, “मी मागितली तरी देऊ नगं.”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी अक्कांची विचारपूस करायला खाली गेले. अक्कांनी स्वतःचा तांब्याचा तांब्या अप्पांपुढे ठेवला होता. “कोरा ह्याच्यावर. ‘विडी सोडली’ म्हणून कोरा. म्हंजे मोडायची न्हाई.”

“सोडली कुठं? एक दिस झाला. उद्याचं मला काय ठावं?”

“मग खरं काय हाय?”

“आज ओढली न्हाई, एवढं खरं हाय.”

“मग तेवढंच कोरा.”

अप्पांनी तांब्याच्या गळ्याखाली, सगळ्यांना दिसेल असं कोरलं : ‘आज ओढली नाही.’ ओळ चांगली साधली म्हणून ते खूश होऊन तांब्या फिरवून पाहू लागले, आणि पाहता पाहता त्यांचा चेहरा बदलला. “बाई, फसलो,” ते मला म्हणाले. “हे रोजच ‘आज’ म्हणणार की हो.”

त्या तांब्यातून अक्का दिवसभर पाणी पीत.

आता पोटाकडे येते. तिसऱ्या दिवसापासून आमचं घड्याळ बंद पडलं. अप्पा सवयीनं पाच दहाला पायरीवर येऊन बसत, पण साडेपाचची कडी वाजत नसे. साडेसहाला नाही, आठलाही नाही. कडी नाही म्हणून अंघोळ नाही, अंघोळ नाही म्हणून पूजा नाही, पूजा नाही म्हणून पाणीही नाही. घंटी कधी अकराला वाजे, कधी दुपारी दोनला. तोवर उपाशी राहिलेला माणूस मग एकदम चार भाकरी खाई, आणि पोट नगाऱ्यासारखं फुगे. दुकान उशिरा उघडे. मी भेटले की अप्पा पोटावर टिचकी मारून मला आवाज ऐकवत, जसे ते गिऱ्हाइकाला भांड्याचा ऐकवत. “ऐका. रिकामं भांडं असं वाजतंय का? हे भरलेलं हाय.”

“होईल अप्पा, थोडा धीर धरा.”

“धीर काय धरू? पन्नास वर्सं ओढली, पोटानं तक्रार केली न्हाई. सोडली तर संप! चांगलं काम केल्यावर ह्येनं साथ द्यावी का न्हाई?”

डॉक्टरांनी पोट नीट तपासलं. दुसरा काही आजार नाही म्हणाले. इतकी वर्षं आतड्याला विडीनं हाक मारून उठवलंय, आता ते आपलं आपण उठायला शिकेल. काही आठवडे लागतील. चालत जा, पालेभाज्या-फळं खा, आणि सकाळी उठल्याबरोबर तांब्याभर कोमट पाणी प्या. अप्पांनी सगळं ऐकलं, शेवटचं सोडून.

गंजगोलाईत मात्र सल्ल्यांना तोटा नव्हता. कुणी सांगितलं, हातातोंडाला सवय असते, काहीतरी धरून बसा. अप्पा चार दिवस ज्वारीच्या कडब्याचं कांडं दोन बोटांत धरून पायरीवर बसले आणि ओढल्यासारखं करत राहिले. “धूर न्हाई, चव न्हाई,” ते म्हणाले, “शरम तेवढी येती.” मग शेजारच्या मिठाईवाल्यानं सांगितलं की किल्लारीच्या जीपमध्ये मागच्या बाकावर बसा, तो रस्ता भल्याभल्यांचं पोट हलवतो. अप्पा भस्म न लावता, उपाशीपोटी, खरोखर किल्लारीला जाऊन आले. दुपारी परतले तेव्हा एका हातानं कंबर धरली होती आणि दुसऱ्या हातात एक पेरू होता.

“काय झालं?” आजोबांनी वरून विचारलं.

“पोट जाग्यावर हाय, साहेब. कंबर गेली.”

“आणि पेरू?”

“जीपमधी बायांनी इचारलं, किल्लारीला कुणाकडं चाललाव? खोटं बोलता येईना. सांगितलं खरं ते.” अप्पा पायरीवर सावकाश बसले. “मग काय, सगळ्या जीपनं औषध सांगितलं. अकरा माणसं, अकरा औषधं. डायवर तर मागं वळून सांगायला लागला, म्हंतलं बाबा, तू रस्त्याकडं बघ. एका म्हातारीनं पेरू दिला. बियांसकट खा म्हणाली. पण पूजा कुठं झालीया?”

पेरू पायरीवर ठेवून ते त्याच्याकडे बघत राहिले.

मी माझ्या परीनं मदत केली, म्हणजे तक्ता केला. इंटरनेटवर वाचून, डॉक्टरांचं सांगणं जोडून, शाळेच्या जाड कागदावर वेळांसकट लिहिला आणि त्यांच्या स्वयंपाकघरात चिकटवला. पाच वाजता : कोमट पाणी, एक तांब्या. सव्वापाच : गल्लीत चार फेऱ्या. आणि असं बरंच. अप्पांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला.

“अक्षर झकास हाय. पण पयलीच ओळ चुकली.”

“कशी?”

“पूजेच्या आधी पाणी कसं पिणार? आन् दुसरं, आठ-दहा दिवसांनी नळाला पाणी येतंय आपल्या. ते काय पोट धुवायला हाय?”

“औषध समजून घ्या.”

“बाई, औषध म्हंतलं की विडी बी औषधच की.”

मला तो हट्ट वाटला. मी, कधी नव्हे ती, आवाज चढवून म्हणाले, “मग दोन दिवस पूजा नाही केली तर काय बिघडणार आहे?”

अप्पांनी चष्मा काढून, पुसून, खिशात ठेवला आणि दुकानाला निघून गेले. दोन दिवस त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. बरोबरच होतं त्यांचं. शिकलेल्या माणसाची ही चूक मी पुष्कळदा केली आहे : दुसऱ्याच्या अडचणीतली मला न कळणारी ओळ खोडून टाकायला सांगणं. पुढं कधी तुम्हालाही मोह होईल, तेव्हा आठवा.

एकोणिसाव्या दिवशी पहाटे मी चहाचं आधण ठेवत होते. अप्पांनी विडी सोडल्यापासून मी खिडकी लावत नव्हते. खालून काडेपेटीचा आवाज आला. कोणी ती कानाशी हलवून बघावी तसा.

मी वाकून पाहिलं. अप्पा पायरीवर, ओठांत विडी, न पेटवलेली. मागच्या दारात अक्का उभ्या, हातात तो तांब्या. त्यांना खोकल्याची ढास आली.

“कुठून आणली?” अक्कांनी विचारलं.

“टपरीवाला देईना. दुसऱ्याकडून आणली. एकच.”

“कामून?”

अप्पांनी विडी ओठांतून काढली. “काल सबंध दिस पूजा झाली न्हाई. दिवस मावळल्यावर अंघोळ केली. उभ्या जन्मात असं झालं न्हाई. माझ्या पोटापायी देव ताटकळला. एकच ओढतो, औषध म्हणून. फाटकाबाहेर जातो. तुला धूर लागायचा न्हाई.”

अक्का सावकाश खालच्या पायरीवर बसल्या आणि तांब्या दोघांच्या मध्ये ठेवला. पाण्याची वाफ येत होती.

“ओढा. पण आधी हे खोडा.”

“खोडता येत न्हाई.”

“मग मी पाणी कशातून पिऊ? खोटं बोलणाऱ्या तांब्यातून?”

अप्पा पुटपुटले, “देव मोठा का मी मोठी, असं इचारू नगंस.”

“मी कुठं तसं इचारायले? मी इचारायले, देव कुठं हाय?”

“गळ्यात.”

“झोपता तवा?”

“गळ्यात.”

“संडासला जाता तवा?”

अप्पांनी सदऱ्यावरून डबीवर हात ठेवला.

“बोला की. काढून खुंटीला अडकिवता व्हय?”

“छे! अंगावेगळं करत्येत का?”

“मग.” अक्का दम घ्यायला थांबल्या. “जो रातंदिस छातीवर बसलाय त्याला तुमच्या पोटात काय हाय ते ठावं न्हाई? त्याच्यापासून काय लपवायलाव? माझ्या बाळंतपणात मी तिसऱ्या दिशी पूजेला बसले, तवा तुमचे वडीलच म्हणाले, लिंग अंगावर हाय तिला विटाळ कसला. आन् तुम्ही ह्यो पोटाचा विटाळ कुठून आणलाव?”

“आजोबापासून रीत हाय आपली.”

“आजोबा विडी ओढायचे का न्हाई?”

“ओढायचे.”

“विडी होती म्हणून पोट आधी होत होतं. ती रीत देवाची न्हाई, विडीची हाय. विडी गेली, रीत बी जाऊ द्या. आधी अंघोळ करा, पूजा करा, मग पाणी प्या. पोट त्याच्या सवडीनं येईल.” त्या गुडघ्यावर हात देऊन उठल्या. “पाणी काढलंय न्हाणीत. साकु.”

वर मी आधणाकडे बघत उभी होते. किती साधं होतं! मी एवढी तक्तेवाली, पण ओळींची नुसती अदलाबदल करावी हे मला सुचलं नव्हतं. पाणी गॅसवरून उतरवायचं राहिलं आणि अर्धं आटून गेलं. नशीब, दूध नव्हतं.

 अप्पांनी ती विडी बोटांत चुरून जास्वंदीच्या आळ्यात टाकली आणि आत गेले. पावणेसहाला घंटी वाजली. थोड्या वेळानं अप्पा ओलं भस्म लावून बाहेर आले, उभ्यानंच तो तांब्या उचलला आणि वरून धार धरून सगळं पाणी प्याले. गल्लीत चार फेऱ्या मारल्या. सातला भाकरी खाल्ली, मागून म्हातारीच्या सल्ल्याचा पेरू, बियांसकट.

मला वाटत होतं, आता कडी वाजेल. वाजली नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. पण वेळेवर जेवल्यामुळे पोटाचा नगारा उतरला, दुकान वेळेवर उघडलं, आणि अप्पा गिऱ्हाइकांशी पूर्वीसारखे भांडू लागले. मी खाली जाऊन माझा तक्ता काढला, ओळी नव्यानं लिहिल्या आणि म्हणाले, “अप्पा, त्या दिवशी मी चुकीचं बोलले.”

“हाव,” ते म्हणाले. “पण अक्षर झकास हाय.”

चौथ्या दिवशी सकाळी आठला दहा कमी असताना पत्र्याच्या दाराची कडी वाजली. आजोबा पेपर वाचत होते. त्यांनी तो खाली केला, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि गंभीरपणे म्हणाले, “गाडी फलाटाला लागली.” आम्ही दोघं तोंडावर पदर आणि पेपर धरून हसलो. खालून अक्कांचं हसणं ऐकू आलं; त्यांनाही कडी ऐकू गेली असणार.

लगेच सगळं सुरळीत झालं असं नाही. मधे दोन-तीन दिवस कोरडे जात. पण आता पूजा कशासाठी अडत नव्हती, त्यामुळे अप्पाही अडत नव्हते. महिना-दीड महिन्यात घड्याळ लागलं, फक्त वेळा बदलल्या. अक्कांचा खोकला पुढच्या हिवाळ्यात निम्म्यावर आला. औषधाचा पंप अजून आहे, पण जिना चढून माझ्या घरी येऊन त्या मला कानडी भाजी शिकवून गेल्या.

तर, ज्याचा फोन आला होता त्यानं हे लक्षात घ्यावं : पोटाला वेळ लागतो. पाणी, चालणं, फळं. आठवडाभरात फरक वाटला नाही किंवा दुखू लागलं तर तिथल्या डॉक्टरांना दाखवणं, लाजायचं नाही. आणि सिगारेट हे त्याचं औषध नाही.

तुमच्या फोननंतर मी लातूरला फोन केला होता. अक्कांनी उचलला. “बाई, आवो किती दिसांनी फोन, आमाला वाटलं नांदेडला जाऊन इसरलाव, गुडघे कसे हायेत साहेबांचे, आन् नातवंडं येऊन गेली म्हणं दिवाळीत?” मी उत्तर द्यायचं विसरून ऐकत राहिले. इतकं लांब वाक्य, आणि मध्ये एकदाही दम लागला नाही.

मग अप्पा आले. मी म्हटलं, “नातवंडासाठी एक तांब्या हवाय. तुमचीच ओळ कोरून.”

“त्यानं आज ओढली का?”

“ते तिकडे परदेशात, अप्पा. मला इथं बसून कसं कळणार?”

“मग मी कसं कोरू? ऐकीव कोरत न्हाई मी.” मग म्हणाले, “त्याला म्हणावं, मलाच फोन कर. सकाळी आठनंतर, त्याच्या आधी मी कामात असतो. मशीन हातात धरून बसतो. त्यानं तोंडानं सांगितलं की कोरतो.”

तांब्या त्यांनी काढून ठेवला आहे, दुकानात, मशीनच्या वरच्या फळीवर. नंबर मी वेगळा पाठवला आहे. त्यांची सकाळ म्हणजे तुमची रात्र, तेवढं बघून फोन करा.

फोन ठेवता ठेवता मी विचारलं, “आणि त्या दिवशी ओढली असेल तर, अप्पा?”

“तरी फोन कर म्हणावं,” अप्पा म्हणाले. “त्या दिशी नुसतं बोलू. कोरायचं दुसऱ्या दिशी बघू. तांब्या काय, मी रोज पुसून ठेवीन.”